हसू कुणाचं, किंमत कुणाची

प्रस्तावना

२०१३ साली तनिष्क या दागिन्यांच्या ब्रँडची एक जाहिरात आली. सावळ्या रंगाची एक नवरी लग्नासाठी सजते आहे आणि तिच्या आसपास एक लहान मुलगी बागडते आहे. पाहणाऱ्याला वाटतं, भाची असेल. मंडपात गेल्यावर कळतं की ती नवरीचीच लेक आहे आणि हे नवरीचं दुसरं लग्न आहे. फेरे सुरू होतात तेव्हा नवरा मुलगा त्या पोरीला उचलून घेतो आणि तिघं मिळून फेरे पूर्ण करतात. गौरी शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही जाहिरात लोकांनी डोक्यावर घेतली.

सात वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, याच ब्रँडची दुसरी जाहिरात आली. मुस्लिम घरातल्या हिंदू सुनेचं डोहाळजेवण. सासूने सुनेच्या माहेरच्या रीतीप्रमाणे सगळा थाट मांडलेला असतो. तुमच्याकडे ही रीत नसते ना, असं सून विचारते. लेकीला आनंदात ठेवायची रीत प्रत्येक घरात असते, अशा अर्थाचं उत्तर सासू देते. काही दिवसांतच बहिष्काराची हाक उठली आणि जाहिरात मागे घेतली गेली. मागे घेताना कंपनीने आपले कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतली माणसं यांच्या सुरक्षिततेचं कारण दिलं. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे तक्रारही गेली. तिथे या जाहिरातीत संहितेचा कोणताही भंग झालेला नाही, असा निर्वाळा मिळाला. पण तोवर ती पडद्यावरून उतरलेली होती.

दागिने त्याच ब्रँडचे, विषय घरातल्या बाईच्या सन्मानाचा, मांडणीही तितकीच हळुवार. तरी एकीला टाळ्या मिळाल्या आणि दुसरीला धमक्या. हे पुस्तक या तफावतीच्या शोधातून जन्मलं.

जाहिरात कल्पक कधी ठरते, वादग्रस्त कधी ठरते आणि अपमानकारक कधी ठरते, हे प्रश्न आपण बहुधा एका दमात विचारतो आणि त्यांचं उत्तरही एका दमात देऊन टाकतो: आवडली किंवा नाही आवडली. माझ्या मते हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. कल्पकतेचा प्रश्न कारागिरीचा आहे. वादाचा प्रश्न समाजाच्या त्या त्या वेळच्या मनाचा आहे. अपमानाचा प्रश्न न्यायाचा आहे. तिन्हींची गल्लत झाली की कुणाचंही वाईट न करणारी जाहिरात कोर्टाच्या पायऱ्या चढते आणि खरोखर घातक असलेली जाहिरात वर्षानुवर्षं आपल्या दिवाणखान्यात सुखाने नांदते. आपल्या देशात दोन्ही घडलेलं आहे.

आधी जाहिरात चालते कशी ते पाहू. एजन्सीत काम सुरू होतं ते क्लायंटच्या ब्रीफपासून. वस्तू काय आहे, ती कुणाला विकायची आहे आणि त्याने ती का घ्यावी, हे त्यात सांगितलेलं असतं. मग कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर जोडीने बसतात. कल्पना आधी क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या नजरेखालून जाते, नंतर क्लायंटच्या. पटली तर स्टोरीबोर्ड होतो, मग फिल्म. हातात वेळ असतो साधारण तीस सेकंदांचा. होर्डिंग असेल तर गाडीतून जाणाऱ्या माणसाच्या दोन-तीन सेकंदांचा. एवढ्या अवधीत पात्राची नीट ओळख करून द्यायला सवड नसते. म्हणून जाहिरात आपल्या मनातल्या साठ्यावर विसंबते. पदर खोचलेली आई, पेपर वाचणारे आजोबा, चिखलात बरबटून आलेला मुलगा यांची नुसती झलक दिसते आणि बाकीची गोष्ट आपणच पुरी करतो.

आपल्या मनातल्या या साठ्यात दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. काही आपण स्वतः पाहिलेल्या, अनुभवलेल्या. काही मात्र न पाहताच धरून चाललेल्या: कामवाली अशी असते, काळ्या मुलीचं असं होतं, अमुक जातीची माणसं तशी असतात. जाहिरात दोन्हींतून उचलू शकते, कारण दोन्ही पाहणाऱ्याला चटकन ओळखू येतात. कल्पक जाहिरात पाहिलेल्या गोष्टीतून उचलते आणि ती अशी दाखवते की आपण ती प्रथमच पाहतो आहोत असं वाटावं. अपमान करणारी जाहिरात धरून चाललेल्या गोष्टीवर शिक्का मारते आणि पुढे जाते. या पुस्तकातला सगळा विचार या एका फरकाभोवती फिरतो.

फेव्हिकॉलची बसची जाहिरात आठवून पाहा. पीयूष पांडे यांच्या ओगिल्व्ही एजन्सीत तयार झालेली आणि प्रसून पांडे यांनी दिग्दर्शित केलेली ही फिल्म २००२ साली कानच्या जाहिरात महोत्सवात गौरवली गेली. राजस्थानच्या रखरखीत मुलखात एक बस हेलकावे खात चालली आहे. टपावर माणसं, खिडक्यांना माणसं, शिडीला माणसं. रस्ता खडबडीत आहे, तरी कुणी पडत नाही. बस पुढे निघून जाते आणि मागच्या बाजूला फेव्हिकॉलची पाटी दिसते. संवादाची गरजच पडत नाही. आपल्याकडे वडापच्या जीपला लटकून ज्याने बाजाराचं गाव गाठलं आहे, त्याला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नाही. खच्चून भरलेलं वाहन सगळ्यांनी पाहिलं होतं. ती माणसं पडत का नाहीत, याचं कारण कुणाला सुचलं नव्हतं. ते सुचणं म्हणजे कल्पकता. आणि मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही जाहिरात त्या प्रवाशांना हसत नाही. त्यांच्या चिवटपणाला ती दाद देते. खेड्यातला माणूस तिच्यात आहे, पण तो थट्टेचा विषय झालेला नाही.

अमूलच्या होर्डिंगांचं उदाहरण वेगळं आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी १९६६ साली ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती मुलगी मुंबईच्या रस्त्यांवर आणली. अमूलचे व्हर्गीज कुरियन यांनी एजन्सीला मोकळीक दिली, प्रत्येक होर्डिंग मंजुरीसाठी आणंदला यायला हवं असा आग्रह धरला नाही, म्हणून ताज्या घडामोडींवर चार-पाच शब्दांत बोट ठेवणं जमलं. ही मुलगी वादांपासून दूर राहिली असं नाही. गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’ असं होर्डिंग लागलं तेव्हा शिवसेनेने आक्षेप घेतला होता. इंडियन एअरलाइन्सच्या संपावरच्या होर्डिंगने ती कंपनीही दुखावली होती. तरी ही मालिका दशकानुदशकं टिकली, कारण तिचा रोख बहुतेक वेळा सत्तेवर, पैशावर आणि प्रसिद्धीवर राहिला. मंत्री, उद्योगपती, क्रिकेटपटू, नट यांची थट्टा झाली तर त्यांना उत्तर द्यायला व्यासपीठ असतं. थट्टा वरच्या दिशेने गेली की समाज ती पचवतो आणि त्यातून काही शिकतोही.

कल्पकतेची तिसरी तऱ्हा धाडसाची आहे. २०१४ साली व्हिस्परने लोणच्याच्या बरणीला हात लावण्याची मोहीम काढली. मासिक पाळीत लोणच्याला शिवलं तर ते नासतं, ही समजूत मराठी घरांना नवी नाही. बाजूला बसणं, ‘कावळा शिवला’ म्हणून सांगणं, देवघरापासून दूर राहणं हे आपल्या आज्या-आयांनी भोगलेलं आहे. त्या एका बरणीत या सगळ्या विटाळाचा इतिहास भरलेला होता. पुढच्या वर्षी कान महोत्सवात या मोहिमेला ग्लास लायन विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१७ साली विक्सने मुंबईतल्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आईपणाची कहाणी दाखवली. सख्खी आई एड्सने गेलेली मुलगी आपल्या दुसऱ्या आईविषयी बोलते. ही आई तृतीयपंथी आहे, हे आपल्याला शेवटाकडे कळतं. तोवर आपण तिला आई म्हणून मान्य केलेलं असतं. नीरज घायवान यांच्या या फिल्मची सारी ताकद या क्रमात आहे. आधी ओळख आणि मग लेबल, असं झालं की पूर्वग्रहाला शिरायला जागा उरत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. या सगळ्या कंपन्या शेवटी पॅड, मलम आणि दागिने विकत होत्या. सामाजिक प्रश्नाच्या खांद्यावर बसून माल खपवणं कितपत योग्य? माझं उत्तर असं: हेतू व्यापारी आहे हे जाहिरात लपवत नाही, आणि तिने ते लपवूही नये. तिला तपासायचं ते त्या प्रश्नाला तिने कसं वागवलं यावर. गौरी सावंत त्या फिल्ममध्ये माणूस म्हणून उभ्या आहेत, सजावट म्हणून नाहीत. ही कसोटी पुढेही उपयोगी पडेल.

आता वादाकडे वळू. आपल्याकडचे बरेच गाजलेले वाद शरीराभोवती झाले, त्यातही बाईच्या शरीराभोवती. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्या साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय नटी म्हणून त्यांची नोंद होते. १९७०च्या दशकात लिन्टास एजन्सीच्या अ‍ॅलेक पदमसी यांनी लिरिल आणला. कोडाईकॅनॉलजवळच्या धबधब्यात हिरव्या बिकिनीत मनमुराद भिजणारी कॅरेन लुनेल घराघरांत पोचली. तिच्याकडे पाहणाऱ्या पुरुषाला त्या फिल्ममध्ये जागाच नव्हती. ती स्वतःसाठी नाहत होती. माझ्या मते लिरिलचं नवेपण बिकिनीत कमी आणि या एकटेपणाच्या आनंदात जास्त होतं. १९९१ मध्ये त्याच पदमसींनी कामसूत्र निरोध बाजारात आणताना पूजा बेदी आणि मार्क रॉबिन्सन यांना समोर ठेवलं. त्याआधी निरोध म्हणजे १९६८ पासून सरकारने चालवलेल्या कुटुंबनियोजनाच्या मोहिमेतली वस्तू होती: लाल त्रिकोण, छोटं कुटुंब आणि कर्तव्य. या जाहिरातीने कर्तव्याच्या जागी सुख ठेवलं, तेही दोघांचं. गहजब झाला. पण एड्सचं संकट दारात असलेल्या देशात निरोधाचं नाव संकोच न करता घेता येणं, हे त्या गहजबातूनच घडत गेलं.

त्यानंतरचं प्रकरण मुंबईचं आणि दोन मराठी मॉडेलांचं. १९९५ साली टफ शूजच्या जाहिरातीसाठी प्रबुद्ध दासगुप्ता यांनी मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांचं छायाचित्र टिपलं. दोघांच्या अंगावर फक्त बूट आणि भोवती अजगर. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. अजगर वापरल्याबद्दल वन्यजीव संरक्षण कायद्याचाही आधार घेतला गेला. खटला चौदा वर्षं चालला आणि २००९ साली सगळे निर्दोष सुटले. ते छायाचित्र कुणाला आवडो, न आवडो, त्यातल्या दोघांपैकी कुणाला हीन लेखलेलं नव्हतं आणि कुणाला फसवलेलंही नव्हतं. ज्यांना ते पाहायचं नव्हतं, त्यांना पान उलटता येत होतं. आज ते छायाचित्र पाहून पोलीस ठाणं गाठणारा माणूस सापडणं कठीण. वाद काळाबरोबर विरतो, ही त्याची खूण आहे.

अपमान तसा विरत नाही. उलट काळ जातो तसा तो जास्त स्पष्ट दिसायला लागतो.

जून २०२३ मध्ये पर्यावरण दिनाच्या निमित्ताने झोमॅटोने प्लास्टिकच्या पुनर्वापराविषयी एक फिल्म आणली. ‘लगान’ चित्रपटातलं कचरा हे पात्र साकारणाऱ्या नटाला तिच्यात टेबल, दिवा, टॉवेल अशा वस्तूंच्या रूपात बसवलं होतं. अमुक किलो कचऱ्यापासून ही वस्तू बनते, असं सांगायचं होतं. शब्दावरची कोटी लिहिणाऱ्याला सुचली असणार. पण ‘लगान’मधला कचरा हा गावाने दूर ठेवलेला अस्पृश्य माणूस आहे आणि हा विटाळच तिथे कथेचा विषय आहे. त्याच माणसाला फर्निचर करून त्याच्यावर वस्तू ठेवणं म्हणजे या देशातल्या सर्वांत जुन्या अन्यायावर विनोद करणं. नीरज घायवान यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली. कंपनीने फिल्म मागे घेतली आणि भावना दुखावण्याचा हेतू नव्हता असं सांगितलं. हेतू नव्हता, हे मी मानायला तयार आहे. म्हणूनच हे उदाहरण मला इतकं महत्त्वाचं वाटतं. हेतू नसताना हे घडू शकतं, कारण ब्रीफपासून अंतिम मंजुरीपर्यंतच्या वाटेवर ज्याला हे खटकेल असा माणूस भेटला नाही, किंवा भेटला तरी त्याला बोलण्याची हिंमत झाली नाही.

२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, केंट कंपनीने कणीक मळण्याच्या यंत्राची जाहिरात केली. कामवालीला हाताने कणीक मळू देता का, तिच्या हातांना संसर्ग झालेला असू शकतो, असा तिचा आशय होता. त्या दिवसांत घरकाम करणाऱ्या बायकांचे पगार थांबले होते आणि सोसायट्यांचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले होते. विषाणू विमानाने आला, पण संशयाची सुई त्यांच्या हातांकडे वळवण्यात आली. टीकेनंतर कंपनीने माफी मागितली. २०२२ च्या जूनमध्ये लेयर शॉट या बॉडी स्प्रेच्या जाहिरातींनी तर सामूहिक बलात्काराच्या भीतीवर विनोद रचला. एकटी मुलगी, चार तरुण, द्वयर्थी संवाद, मग खुलासा की गोष्ट स्प्रेच्या बाटलीची होती. त्या मुलीच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती आणि ती भीती म्हणजे विनोदाची पूर्वतयारी होती. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने या जाहिराती समाजमाध्यमांवरून काढायला लावल्या.

आणखी एक उदाहरण जाहिरातविश्वाच्या आतलं आहे. २०१३ साली फोर्ड फिगोच्या नावाने काही चित्रं एका संकेतस्थळावर आली. त्यांतल्या एकात गाडीच्या डिकीत हातपाय बांधलेल्या बायका होत्या आणि चालकाच्या जागी इटलीचे नेते बर्लुस्कोनी. दिल्लीच्या निर्भया प्रकरणाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. ही जाहिरात कधी प्रसिद्ध व्हायची नव्हती, कंपनीने तिला मंजुरीही दिली नव्हती. अशा जाहिरातींना या धंद्यात ‘स्कॅम ॲड’ म्हणतात. त्या ग्राहकासाठी नसतात, पुरस्कार आणि नाव मिळवण्यासाठी केलेल्या असतात. समोर खरा ग्राहक नाही आणि खरी वस्तू विकायची नाही, अशा वेळी उरते ती निव्वळ चमक. चमकेच्या मागे लागल्यावर माणूस किती लवकर विसरला जातो, ते या चित्रांनी दाखवलं. संबंधितांच्या नोकऱ्या गेल्या, माफीनामे निघाले.

इथवर आलेल्या उदाहरणांत निदान गोंगाट झाला. मला अधिक अस्वस्थ करतात त्या जाहिराती, ज्यांच्याविषयी दीर्घकाळ कुणीच ओरडलं नाही.

गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात आपल्या घरात १९७०च्या दशकात आली. काळी-सावळी मुलगी उदास आहे, नोकरी नाही, स्थळ नाही. क्रीम लावते, उजळते, आणि दोन्ही मिळतं. मराठी वर्तमानपत्रांच्या वधू-वर सदरांत ‘गोरी’, ‘निमगोरी’ ही अट आधीपासून होतीच. जाहिरातीने तिला शास्त्राचा आणि यशाचा मुलामा दिला. २००३ साली अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने आवाज उठवला तेव्हा काही जाहिराती मागे घेतल्या गेल्या. त्यातल्या एकीत बापाला आपल्याला मुलगा हवा होता असं वाटतं, मग लेक गोरी होते, हवाई सुंदरी होते आणि घर सावरते. अशा जाहिरातींत सावळ्या व्यक्तीला उदास किंवा अपयशी दाखवू नये, हा नियम यायला २०१४ उजाडलं. ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ गेलं ते २०२० मध्ये, जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलनं पेटल्यावर. टफच्या छायाचित्राला पोलीस ठाणं गाठायला वेळ लागला नाही. या क्रीमला जाब विचारायला पाव शतकाहून जास्त काळ गेला. आपला समाज कशाने दुखावतो आणि कशाने त्याला इजा होते, यांतलं अंतर याहून स्पष्ट दाखवणारी जोडी मला सापडलेली नाही.

अशीच गप्प राहिलेली इजा रात्रीच्या टीव्हीवर होती. अमुक यंत्र घरात ठेवा, कर्ज फिटेल, आजार जाईल, मूल होईल, असं सांगणाऱ्या जाहिराती वर्षानुवर्षं चालल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये अशा यंत्रांची चमत्काराच्या दाव्यासह जाहिरात करणं बेकायदेशीर ठरवलं. या जाहिरातींविरुद्ध मोर्चे निघाले नव्हते, हॅशटॅग चालले नव्हते. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, म्हणून फसवणुकीला गोंगाट नसतो. वेलचीच्या आडून गुटखा आणि सोड्याच्या आडून दारू विकणाऱ्या सरोगेट जाहिराती, तसेच गुणवंतांच्या फोटोंनी भरलेली क्लासची पानभर जाहिरात, हे सगळं याच जातीचं. घरचं शेत विकून फी भरणाऱ्या बापाला जाहिरातीतला दावा पडताळून पाहायची सोय नसते.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो, याला पुस्तकाचा एक मोठा भाग दिला आहे. इथे फक्त रूपरेषा सांगतो. १९५४ साली औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. त्याला आव्हान देणाऱ्या हमदर्द दवाखाना प्रकरणात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं. १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या यलो पेजेसवरून मुंबईत उभ्या राहिलेल्या वादात मात्र न्यायालयाने व्यापारी अभिव्यक्तीही घटनेच्या १९(१)(क) कलमाखाली येते, असं म्हटलं. माहिती मिळणं हा ग्राहकाचाही हक्क आहे, हे त्यातलं महत्त्वाचं सूत्र. हक्क माहितीचा असेल तर खोट्या माहितीला त्यात आसरा नाही, हेही ओघाने आलंच. १९८५ साली मुंबईत जाहिरात व्यवसायाने स्वतःहून ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ अर्थात ‘आस्की’ स्थापन केली. सत्य, सभ्यता, अपाय न करणं आणि स्पर्धेतला प्रामाणिकपणा या चार खांबांवर तिची संहिता उभी आहे. १९८६ मध्ये स्त्रियांच्या असभ्य प्रदर्शनाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जाहिरातीत झळकणारा ताराही त्यातून सुटत नाही. २०२४ साली पतंजलीच्या औषधी दाव्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला खडसावलं आणि तिला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली.

म्हणजे साधनं आहेत. त्यांचा वापर मात्र कमी आणि झुंडीचा वापर जास्त, अशी आजची स्थिती आहे. २०१९ च्या होळीत सर्फ एक्सेलच्या जाहिरातीत एक चिमुरडी सगळे रंग स्वतःच्या अंगावर झेलते आणि नमाजाला निघालेल्या आपल्या मित्राचे पांढरे कपडे स्वच्छ राखते. त्यावरून उठलेल्या बहिष्काराच्या लाटेत काहींनी मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या ॲपला वाईट शेरे दिले. जाहिरात नीट पाहण्याआधीच राग तयार होता, हे त्यावरून दिसतं. अशा रागाची किंमत फक्त त्या जाहिरातीपुरती नसते. पुढच्या ब्रीफमध्ये ‘धर्म नको, जात नको, वाद नको’ अशी ओळ येते. मग वेगवेगळ्या घरांतली माणसं एकत्र जेवताना, हसताना दाखवणं बंद होतं. कुणालाही न दुखावणारी जाहिरात सुरक्षित असते, पण तिच्यातला भारत कुणाच्याच ओळखीचा नसतो.

मग ठरवायचं कसं? मी वाचकापुढे चार प्रश्न ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक प्रकरणात तेच वापरले आहेत. पहिला: या जाहिरातीत खोटं आहे का, आणि ते खोटं मानणाऱ्याचं किती नुकसान होईल? दुसरा: हसू आलं असेल तर त्याची किंमत कोण मोजतं, आणि त्याला उत्तर द्यायची सोय आहे का? तिसरा: तिच्यातला माणूस काही करणारा, इच्छा असलेला माणूस आहे, की वस्तू ठेवायची जागा? चौथा, आणि हा प्रश्न स्वतःला विचारायचा: मला राग आला तो कुणाला इजा झाली म्हणून, की माझ्या समजुतीला धक्का लागला म्हणून? तनिष्कची सासू या चारही प्रश्नांतून सुखरूप बाहेर पडते. कणीक मळणाऱ्या हातांवर संशय घेणारी जाहिरात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाशीच अडकते. गोऱ्या रंगाचं स्वप्न विकणारी जाहिरात एकाही प्रश्नाला धड उत्तर देऊ शकत नाही.

या कसोटीलाही मर्यादा आहे. समाजातलं स्थान कायम नसतं. एका संदर्भात सबळ असलेला गट दुसऱ्या संदर्भात दुबळा असतो, आणि ‘आम्हीच दुखावलो’ असं प्रत्येकाला मनापासून वाटू शकतं. म्हणून हे चार प्रश्न निकाल देण्यासाठी नाहीत, संभाषण सुरू करण्यासाठी आहेत. घरी जेवताना टीव्ही चालू असतो तेव्हा मुलांशी असं संभाषण होऊ शकतं. शाळेत भाषेच्या तासाला होऊ शकतं, कारण तीस सेकंदांत गोष्ट सांगणं ही भाषेची मोठी परीक्षा आहे.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मराठी मुला-मुलींना मी मुद्दाम सांगेन: तुमचं गाव, तुमची बोली, तुमच्या आईच्या हाताला पडलेले घट्टे हे तुमचं भांडवल आहे. मुंबईच्या काचेच्या इमारतीत गेल्यावर ते लपवू नका. टेबलाभोवती सगळे हसत असताना ज्याला ती गंमत खटकते, त्याने बोललं पाहिजे. तो आवाज त्या खोलीत असता तर वर सांगितलेल्या जाहिरातींपैकी काही जन्मालाच आल्या नसत्या.

आणि वाचकांना एवढंच, की जाहिरातीचा खर्च शेवटी आपण घेतलेल्या वस्तूच्या किमतीतच धरलेला असतो. तिने आपल्याशी आणि आपल्या शेजाऱ्याशी कसं बोलावं, हे सांगायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. खोटी जाहिरात दिसली तर ‘आस्की’कडे किंवा ग्राहक प्राधिकरणाकडे तक्रार करा. चांगली दिसली तर तिच्याविषयी चार लोकांना सांगा. आपल्याला जी पटली नाही पण जिने कुणाचं नुकसान केलं नाही, तिला जगू द्या. आपला राग मोलाचा आहे. जिथे खरंच कुणाला इजा होते, तिथे तो पोचावा, यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.